पेज, तट आणि पाण्याची वाट

फार पूर्वी पूर्वसमुद्रातल्या एका बेटावर सरदार तोकिहारू राज्य करीत असताना बोधिसत्त्व पाथरवटांच्या कुळात जन्मले आणि गोन्सुके या नावाने मुख्य पाथरवट झाले. सरदाराने टेकडीवर किल्ला मांडला होता. भोवती तीन खंदक, आत सात वळणांची वाट, मधोमध पाच मजली लाकडी मनोरा. वाट इतकी फसवी, की सरदाराच्या सासूबाई देवदर्शनाला निघाल्या त्या तिसऱ्या दिवशी पागेत सापडल्या. खोटं वाटत असेल तर घोड्यांना विचारा.

उत्तरेचा तट मात्र तीन पावसाळ्यांत तीनदा ढासळला. ज्योतिषी म्हणाला, "तट बळी मागतो. पायाशी खड्डा खणून त्यात जिवंत माणूस पुरा." चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं ओतानेआजीचं. ही म्हातारी रोज पाथरवटांना ऊन ऊन पेज पाजायची.

आजी खड्ड्यात उतरली आणि गोन्सुकेला म्हणाली, "तोंड काय पाडतोस? चुलीवर पेज आहे, ती आधी उतरव. करपेल मेली."

तट का पडतो हे गोन्सुकेला पहिल्या पडझडीतच कळलं होतं. सरदाराला दर्शनी बाजू आरशासारखी हवी, म्हणून गोन्सुकेने दगड असे घासून बसवले होते की सांध्यात केस शिरू नये. पाठीमागे गोट्यांऐवजी माती दडपली होती. पाऊस मुरला की पाण्याला वाट नसे; माती फुगून तट ढकलत असे. पण मुख्य पाथरवटाची चूक म्हणजे शिरच्छेद, असा तिथला कायदा.

तो आजीशेजारी खड्ड्यात उतरला आणि काठावर उभ्या सरदाराला म्हणाला, "सरकार, तट बळी मागत नाही, पाण्याला वाट मागतो. चूक माझी. दोन वर्षं मी भीतीने गप्प राहिलो."

"मग डोकं तुझं जाईल."

"जाऊ द्या. आधी सांधे मोकळे करून तटाच्या पाठीला गोटे भरू द्या. पावसाळा उलटून तट उभा दिसला, की आजीला सोडा आणि मला न्या."

सरदाराने मुदत दिली. तट नव्याने रचला, आणि पावसाळाभर सांध्यांतून पाणी झिरपत राहिलं. तट हलला नाही. शेवटी सरदार आला, ओल्या दगडांवर हात ठेवून उभा राहिला.

आजी म्हणाली, "याला मारलंत तर पुढचा तट कोण बांधील? तुमच्या सासूबाई?"

सरदार हसला. "बांधील कोणीही. पण चुकलं तर मला सांगेल कोण?" त्याने दोघांनाही सोडलं, आणि तिथेच बसून वाटीभर पेज मागितली.

ही कथा सांगून भिक्षूंना शिकवणारे शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सरदार म्हणजे आपला द्वारपाल सुदंत. ज्योतिषी म्हणजे मागे डुलक्या घेणारा पिंगल. ओतानेआजी म्हणजे रोज आपल्याला पेज वाढणारी उपासिका भद्रिका. पाथरवट मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे जिवावर बेतलं तरी खरं बोलणं, पाळली. दोन वर्षं उशिरा, पण पाळली."