ओंडक्यावरचा चेहरा

दोन नद्यांमधल्या त्या मुलखाला मालक पुष्कळ झाले. तिथल्या मधमाश्या पोखरलेल्या लाकडी ओंडक्यात राहत, आणि ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला मालकाचा चेहरा कोरलेला असे. मालक बदलला की सुतार यायचा, ओंडक्यावर तीनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "माश्यांनो, तुमचा जुना मालक गेला. आता हा नवा." न सांगता मालक बदलला तर माश्या मरतात, अशी तिथल्या माणसांची समजूत होती. सांगून झालं की तो जुना चेहरा तासून काढायचा आणि त्याच जागी नवा कोरायचा.

दाढीवाला गेला, मिशीवाला आला. मिशीवाला गेला, टोपीवाला आला. प्रत्येकानं बजावलं, की तुम्ही पहिल्यापासून आमच्याच, तेव्हा गुणगुणायचं तेही आमच्याच सुरात. माश्या तशा गुणगुणल्या. मध तर सगळेच नेत होते. हळूहळू ते अंगवळणी पडलं, आणि वाईट वाटायचंही थांबलं.

चेहऱ्याकडच्या भिंतीशी ब्रोन्या नावाची कामकरी माशी अळ्या सांभाळायची. एका हिवाळ्यात ती राणीला म्हणाली, "राणीसाहेब, भिंत फार पातळ झालीय. अजून एक चेहरा निभायचा नाही. पोरं गारठून मरतील."

"हा शेवटचा, असं म्हणतात गं."

"मागचाही शेवटचाच होता."



बर्फ वितळायच्या आधीच टकटक झाली. सुतार तेओफिल आता थकला होता. नव्या मालकाचं नाव त्याला धड उच्चारता येईना, तरी रीत म्हणून त्यानं ते सांगितलं. मग तासलं, नाक काढलं, ओठ काढले. डावा डोळा कोरताना पटाशी आरपार गेली. तेओफिलच्या ते लक्षात आलं. त्यानं हत्यारं गोळा केली आणि तो घरी गेला.

वारा थेट अळ्यांवर येऊ लागला. बुजवायला डिंक होता, पण तो थंडीनं दगडासारखा झालेला. ब्रोन्या भोकात शिरली आणि तिथंच बसली. तिच्या मागे दुसरी शिरली, मग तिसरी. भोक गच्च भरेपर्यंत माश्या जात राहिल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं हलणं थांबलं, पण वारा आत आला नाही.

वसंतात अळ्यांच्या माश्या झाल्या आणि नव्या सुरात गुणगुणू लागल्या. नवा मालक पाहणीला आला. तो चेहऱ्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"छान जमलाय," तो म्हणाला. "हा डावा डोळा बघा, किती जिवंत वाटतो."