हरणांना कुंपण

चार शेतकऱ्यांची झाडी आणि जगदेवराव इनामदारांचं रान एकमेकांना लागून होतं. पिकं खाणारी हरणं तिथंच लपत. पाचही जणांनी आपापल्या जागेतून एकदम आरडाओरडा करत हाकारा दिला, तरच ती डोंगराकडे वळत; नाहीतर शेजारच्या झाडीत शिरत. पण इनामदार आपल्या रानात कुणाला शिरू देईनात.

त्या चौघांपैकी सटवाजीची ज्वारी दुसऱ्यांदा फस्त झाली. तो संतापून चावडीवर गेला आणि तिथं बसलेल्या इनामदारांना म्हणाला, "तुमच्या रानातली हरणं माझं पीक खातायत!"

इनामदार गुरगुरले, "माझी हरणं रानाबाहेर पाऊल टाकत नाहीत. तुझी ज्वारी ढोरांनी खाल्ली असेल!"

"असं? मग आजच आम्ही चौघं तुमच्या रानाभोवती काट्यांचं कुंपण घालतो," सटवाजी कडाडला. "बाहेर येतच नाहीत, तर अडेल कोण? आणि भूक लागलीच, तर तुमची मोसंबीची बाग आहेच की आत!"

चावडी खदखदून हसली. इनामदारांनी खाली बघत विचारलं, "हाकारा कधी द्यायचा म्हणता?"