एका पिल्लासाठी एक्केचाळीस अटी

“महाराज, तुमच्या या नियमांत बसेल असं एक तरी घर आपल्या जंगलात आहे का?”

हा प्रश्न कुसळी साळिंदरने विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणींची होती. शाळेतून येताना टिटवी म्हणाली, “आमच्यासमोर फार तोंड चालवतेस. भर दरबारात विचारून दाखव, मग मानू.” खार म्हणाली, “सोड गं, शेपूट घालेल ती.” आता साळिंदराच्या मुलीला असं म्हटल्यावर दुसरं काय होणार? कुसळीला त्याच वर्षी मोठे काटे आले होते, वीत वीत लांब, काळेपांढरे, आणि चालताना ते खळखळ वाजायचे. ते वाजवत ती दरबारात गेली आणि विचारून मोकळी झाली.

तर हा प्रश्न एवढा धाडसाचा का होता, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

त्या जंगलात लोकशाही होती. म्हणजे दर पाच वर्षांनी वनराजपदाची निवडणूक व्हायची आणि अस्वलराव निवडून यायचे. ते भाषणात म्हणायचे, “बंधूंनो, भगिनींनो आणि अजून न फुटलेल्या अंड्यांनो, या जंगलात पोरकं कोणी नाही. मी तुमचा बाप आहे.” सगळे टाळ्या वाजवायचे. ज्यांचे बाप शेजारीच बसलेले असायचे तेसुद्धा वाजवायचे.

मग एका उन्हाळ्यात वणवा लागला आणि खूप पिल्लं खरंच पोरकी झाली. जंगलाची जुनी रीत अशी की ज्याला पिल्लू सापडेल त्याने ते घरी न्यायचं, आणि शेजाऱ्यांनी फक्त विचारायचं, “काय खातं?” कुसळीच्या बाबांना वारुळापाशी खवलेमांजराचं पिल्लू सापडलं. ते भीतीने गोल झालं होतं, म्हणून त्याचं नाव चेंडू. चार दिवस चेंडू उघडलाच नाही. पाचव्या दिवशी कुसळी शेजारी बसून काटे वाजवत होती, तेव्हा त्याने एक डोळा बाहेर काढला. मग नाक. मग तो थेट तिच्या आईच्या पाठीवर चढून काट्यांच्या मध्ये झोपला. त्याला टोचलं नाही. अंगभर खवले असलेल्याला काय टोचणार?

तीन आठवडे तो त्यांचा होता. मग फर्मान निघालं: “प्रत्येक पिल्लाला घर, प्रत्येक घराला नियम.” तरस शिपाई आले आणि सगळी पिल्लं गोळा करून वात्सल्यगुहेत घेऊन गेले. मोजली तेव्हा दोनशे चौदा भरली. घरं पात्र ठरतील तशी ती परत मिळणार होती. तोवर प्रत्येक पिल्लामागे रोज एक पोळं मध मंजूर झाला. आता पाडसं मध खात नाहीत आणि चेंडूला लागतात मुंग्या. तरी मध रोज संपायचा आणि अस्वलरावांच्या मिशा रोज चिकट असायच्या. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला त्या जंगलात बंदी होती.

कुसळीच्या आईबाबांनी पहिल्याच दिवशी अर्ज केला. अर्जाच्या खिडकीवर घुबड होतं आणि कामाची वेळ दुपारी बारा ते चार. तीन दिवसांनी ते एकदा जागं झालं.

“घराला खिडकी आहे?” घुबडाने विचारलं.

“बिळाला कशी असेल, साहेब?” बाबा म्हणाले.

“अट तिसरी. पिल्लाला उजेड हवा. आणि दोन शेजाऱ्यांची पत्रं?”

“शेजारी घोरपड आहे. तिला लिहिता येत नाही. पण ती चांगलं बोलते आमच्याबद्दल.”

“बोलण्याला शिक्का कुठे मारू?”

सुरुवातीला अटी सात होत्या. पण कोणी तक्रार केली की सरकार लगेच दखल घ्यायचं आणि एक अट वाढवायचं. अशा त्या एक्केचाळीस झाल्या. शेवटची अट सगळ्यांत अवघड होती, कुशीची चाचणी. त्यासाठी एक सरकारी ससा नेमला होता. अर्जदाराने त्याला कुशीत घ्यायचं आणि सशाने नंतर शेरा लिहायचा. कुसळीच्या आईने त्याला घेतलं, अगदी अलगद, सगळे काटे मागे पाडून. सशाने लिहिलं, “टोचते.”

“अहो पण आम्हाला ससा नकोय,” आई घुबडाला म्हणाली. “आम्हाला चेंडू हवाय. त्याला बसवून बघा ना माझ्या कुशीत.”

“बाई, नियमात पिल्लू म्हणजे ससा. खवल्यांचा उल्लेख नाही.”

“मग उल्लेख करा.”

“त्यासाठी समिती लागते,” असं म्हणून घुबड झोपलं.

आई त्या दिवशी वात्सल्यगुहेपर्यंत गेली. चेंडू कोपऱ्यात गोल होऊन पडला होता. आत जायला परवानगी नव्हती. कुसळीने बाहेरून काटे वाजवले. खूप वेळाने त्याने एक डोळा बाहेर काढला. तरसाने आवाज न करण्याची पाटी दाखवली.

तर अशा सगळ्या प्रकारानंतर कुसळी दरबारात उभी होती. टिटवी आणि खार मागच्या फांदीवर बसल्या होत्या.

अस्वलरावांनी मिशा चाटल्या. “चांगला प्रश्न आहे, मुली. आहे की असं घर. एक आहे.”

पहिल्या रांगेतून लांडगेसाहेब उठले आणि त्यांनी सगळीकडे वळून नमस्कार केला. ते अस्वलरावांचे पंजाभाऊ, म्हणजे पंजात पंजा देऊन मानलेले भाऊ होते.

“यांची कुशीची चाचणी झाली?” कुसळीने विचारलं.

घुबडाने कागद वाचला. “झाली. सशाने एकही तक्रार केलेली नाही.”

“ससा कुठे आहे?”

“तो चाचणीनंतर कार्यालयात आला नाही. पण तक्रारही आली नाही. म्हणून शेरा, समाधानकारक.”

दरबारात टाळ्या झाल्या. लांडगेसाहेबांनी खिशातून यादी काढली. त्यांना तीन पाडसं हवी होती, शक्यतो गुटगुटीत, आणि चेंडू.

“चेंडू कशाला?” कुसळीचा आवाज पहिल्यांदाच थोडा चिरकला.

“घरात आमची मुलं आहेत,” लांडगेसाहेब प्रेमाने म्हणाले. “खेळतील.”

अस्वलराव सही करणार, तेवढ्यात कोल्हा त्यांच्या कानाशी लागला. निवडणूक जाहीर झाली होती, आचारसंहिता लागली होती. निकालापर्यंत पिल्लांचं वाटप करता येणार नव्हतं. अस्वलरावांनी हात जोडले. “नियम म्हणजे नियम. लांडगेसाहेब, महिनाभर थांबा. निकाल लागला की पहिली सही तुमची.”

बाहेर आल्यावर टिटवी म्हणाली, “मानलं तुला.” खारीने आपला आवळा कुसळीला देऊन टाकला. पण कुसळीचं लक्ष घुबडाच्या शेजारच्या खिडकीकडे होतं. त्या खिडकीवर दरबारातला तोच कोल्हा येऊन बसला होता, टक्क जागा, आणि रांगही नव्हती. पाटीवर लिहिलं होतं, “वनराजपदाचे अर्ज.”

“काय काय कागद लागतात?” तिने विचारलं.

“नाव सांग आणि निशाणी,” कोल्हा म्हणाला.

“शेजाऱ्यांची पत्रं?”

“कशाला?”

“घराला खिडकी?”

“घर नसलं तरी चालतं.”

“वर्तनाचा दाखला? कुशीची चाचणी?”

कोल्हा हसला. “पोरी, इथे तुरुंगातून अर्ज आलेत. टोचण्याचं काय घेऊन बसलीस?”

“वय?”

“मत द्यायला वय लागतं. उभं राहायला किती, ते लिहायचं राहून गेलं. मसुदा करताना सगळे जेवायला उठले होते.”

“आणि वनराज झालं की वात्सल्यगुहा कोणाच्या ताब्यात?”

“वनराजाच्याच की. सगळी पिल्लं. बाप ना तो.”

कुसळी घरी आली तेव्हा आई कंद सोलत होती आणि बाबा बिळाच्या भिंतीला खिडकी पाडत होते. माती परत परत ढासळत होती.

“बाबा, राहू द्या ते,” ती म्हणाली. “आई, तूही ऐक. मी निवडणुकीला उभी राहतेय.”

बाबांच्या हातातली माती खाली पडली. “अगं, राज्य करायचं म्हणजे काहीतरी पात्रता लागत असेल.”

“विचारून आले.”

“आणि चेंडूचं काय?” आईने विचारलं.

“त्याच्यासाठीच तर उभी राहतेय. एक पिल्लू मागायचं तर एक्केचाळीस अटी आहेत, आई. दोनशे चौदा एकदम हवी असतील तर एकही नाही.”