पाण्यावरची साय

फार वर्षांपूर्वी एका बागेतल्या तळ्यात नुसत्या वयाच्या जोरावर मिरवणारे मासे राहत होते. एकदा तळ्यावर पांढरा फेस धरला. सर्वांत म्हातारा कटला म्हणाला, "साय आहे ती. कसदार दुधावरच साय धरते."

धाकटी रोहू, खवली, तळाशी जाऊन आली. "आजोबा, बागेत येणारे लोक पोळी टाकतात, तुम्ही ती उष्टावून सोडता, ती खाली कुजलीय. तिचाच हा फेस. पिल्लांचा जीव गुदमरतोय. सगळे मिळून ती घाण मोरीतून ढकलून देऊ."

"कालची पोर आम्हाला पाणी शिकवणार. आम्ही बारा पावसाळे पाहिलेत."

"पावसाळे पाहिलेत हो, तळ नाही पाहिलात."

म्हातारे फिदीफिदी हसले. खवलीने दोन दिवस एकटीने खपून ताजं पाणी पडणाऱ्या नळाखालचा कोपरा तेवढा साफ केला.

तिसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि सगळे म्हातारे फेसातून तोंडं वर काढून धापा टाकू लागले.

"काय आजोबा, आज वर कसे?" खवलीने विचारलं. "कोपऱ्यात जागा आहे, येताय?"

"छे, छे," कटला कसाबसा म्हणाला, "साय खातोय."

"मग सावकाश खा," खवली म्हणाली, आणि पिल्लांना घेऊन नळाखाली गेली.