सहाणेच्या पोटातला खड्डा

फार जुन्या काळी एका न्हाव्याच्या सहाणेवर, वस्तरा पाजळायच्या दगडावर, कुणाचा म्हणून विश्वास बसेना! वस्तरा बोथटला, गिऱ्हाइकाची हनुवटी कापली, की बोल तिलाच.

"झिजलीस, म्हातारे! उद्यापासून न्हाणीत टाचा घास," न्हाव्याचा अंगठा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

सहाण खवळली. "मेल्यांनो, वस्तरा आडवा टेकवून हलक्या हातानं फिरवायचा असतो! इकडं बघा. वस्तऱ्याच्या मुठीकडच्या बाजूलाच खड्डा कसा पडला?"

कात्री, कंगवा वाकून बघतात तो काय, खरंच खड्डा!

"वस्तऱ्या, घाबरू नकोस, बोल! तिथं तुला कोण दाबतं?" सहाणेनं विचारलं.

वस्तरा म्हणाला, "रोज दाबतो. माझं टोक दगडाला लागूच देत नाही... हा अंगठा!"