पौषातला हुरडा

पूर्वी कुंभवती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पाकशाळेत मुख्य स्वयंपाकी होता. त्याचे नाव सोमिल. राजाच्या ताटाला ऋतू नसतो, असा त्या घराण्याला मोठा अभिमान होता. जे प्रजेला मिळत नाही ते राजाला मिळालेच पाहिजे. मग भर पावसातला आंबा पाकात बुडून चोथा झालेला असो, की उन्हाळ्यातला आवळा मिठात मुरून काळा पडलेला असो. तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत कांडत आणि कोंडा गोठ्यात जाई. त्यामुळे राजवाड्यात धडधाकट अशा गाईच तेवढ्या होत्या.

एका वैशाखात राजाने दूरच्या पठारावरून चंपिका नावाची राणी करून आणली. वाटेत दोन मोठ्या नद्या आणि घोर अरण्य होते. तिकडून आलेली मुलगी पुन्हा माहेर पाहत नसे. चंपिका रडली नाही, पण तिचे अन्न तुटले. ज्येष्ठापर्यंत तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, आणि राणी असे दिवस फार काढणार नाही, असे वैद्यांनी राजाला स्पष्ट सांगितले.

राजाचा तिच्यावर खरा जीव होता. तो तिच्याजवळ बसून म्हणाला, "तुला काय खावंसं वाटतं ते सांग."

"हुरडा," ती म्हणाली. "आमच्या शेतातला. आई आगटीच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजते आणि तळहातावर चोळून गरम दाणे देते. हात पोळतात तिचे, पण दुसऱ्याला चोळू देत नाही."

राजा बोले, दळ हाले. सोमिलला तत्काळ बोलावणे गेले.

"महाराज, ज्वारी अजून पेरलीसुद्धा नाही," सोमिल म्हणाला. "हुरडा पौषात येतो."

राजाच्या कपाळावर आठी चढली. तेवढ्यात कालक नावाचा दुसरा स्वयंपाकी पुढे झाला. त्याचा सोमिलच्या जागेवर कधीचा डोळा होता. त्याने जुनी ज्वारी दुधात भिजवली, कोथिंबिरीच्या रसाने हिरवी केली, तुपावर परतली आणि चांदीच्या वाटीतून नेली. दिसायला हुरडा हुबेहूब होता.

राणीने चिमूटभर तोंडात घातला आणि वाटी खाली ठेवली. "हाच हुरडा असेल, तर मी चव विसरले," ती म्हणाली. "आईच्या हातची चवसुद्धा विसरले मी." आजवर तिच्याजवळ निदान ओढ तरी होती. आता तीही गेली, आणि ती पाणीही नको म्हणू लागली.

सोमिलला हे कळले तेव्हा त्याचे मन कळवळले. तो गप्प राहिला असता तर त्याची जागा शाबूत राहिली असती. पण तो राजाच्या देखतच राणीपाशी गेला.

"देवी, तुमची जीभ चुकली नाही," तो म्हणाला. "तो हुरडा नव्हताच. जुनी ज्वारी होती, रंगवलेली. तुम्हाला आईच्या हातची चव आठवते, म्हणूनच ती त्या वाटीत सापडली नाही."

चंपिकेने मान वर केली आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.

राजा संतापला. "आता खरा हुरडा कुठून आणशील?"

"आणणार नाही, महाराज. पेरीन. तोवर देवींच्या ताटात त्या त्या महिन्यात इथली जमीन देते तेवढंच येईल. त्यांचं काही बरंवाईट झालं, तर माझं मस्तक आपलंच आहे."

उरलेल्या उन्हाळ्यात त्याने तिला कैरीचे पन्हे आणि नाचणीची आंबील दिली. पुढे बांधावरची पालेभाजी आली, मुगाचे कढण आले, सालीसकट दोडका आला, न कांडलेल्या तांदळाची गरम पेज आली. वाड्यातली माणसे हसत. "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा! राणी करून आणली आणि गोठ्यातलं खायला घातलं!" सोमिल ऐकून घेई आणि चुलीकडे वळे.

भादव्याच्या शेवटी पाकशाळेमागे ज्वारी पेरली गेली. राणी रोज संध्याकाळी दासीचा हात धरून तिथे येई. पुढे पुढे ती एकटीच येऊ लागली. माहेरची ओढ काही कमी झाली नव्हती; पण ओढ लागलेल्या माणसालाही भूक लागते, हे तिला उमगले होते.

"सोमिल, अजून किती?" ती विचारी.

"दाण्यात दूध भरतंय, देवी. घाई केली तर हाती काहीच लागायचं नाही."

पौष आला. शेतातच आगटी पेटली. राजा गोणपाटावर बसला. सोमिलने कणसे भाजली, पण राणीने त्याला चोळू दिली नाहीत. तिने स्वतःचेच हात पोळून घेतले. सगळे तिच्या तोंडाकडे पाहू लागले.

"हा आमच्याकडच्यासारखा नाही," ती म्हणाली. "इथली माती वेगळी आहे."

कालक गालात हसला. राजाचा चेहरा उतरला. राणीने मात्र दुसरी मूठ घेतली.

"पण आज तिकडेही पौषच आहे," ती म्हणाली. "तिकडेही आगटी पेटली असेल. आई आत्ता कणीस चोळत असेल आणि म्हणत असेल, चंपिकेला फार आवडायचा." तिचे डोळे वाहत होते आणि ती खात होती. राजाने तिच्या हातातले दाणे घेतले. त्या वर्षापासून राजाच्या ताटाला ऋतू आला.

ही कथा भगवान शास्त्यांनी आपल्या विहारातल्या एका तरुण भिक्षूला सांगितली. भिक्षापात्रात तो घरची चव शोधी, आणि ती सापडत नाही म्हणून उपाशी राहून वाळत चालला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कालक म्हणजे तुला रोज गोडाधोडाने भुलवू पाहणारा तुझा सोबती. सुबाहू राजा म्हणजे तुझ्या उशाशी बसून राहणारा विहारातला वृद्ध भिक्षू. चंपिका तू होतास, आणि सोमिल मीच होतो. कोणाची ओढ खोट्याने भागवू नये. खरे हाती येईपर्यंत त्याच्यासोबत थांबावे. ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

भिक्षूने खाली मान घालून विचारले, "भगवन्, आणि ती आई?"

"ती आजही तुझी आईच आहे," शास्ते म्हणाले. "जेवायची वेळ झाली. तीही आत्ता ताटावर बसली असेल."

भिक्षूने पात्र जवळ ओढले आणि पहिला घास घेतला.