एका काठीचा उतार

नदीकाठी ही साल सोललेली काठी दिसते ना, तिच्याच रोखानं पाण्यात उतरायचं. तुळसाजी भोई पाहुण्यांना आधी एवढं सांगतात, आणि मग तिची गोष्ट.

पूर्वी दर पुरानंतर दौलू भोई पायांनी तळ चाचपून उतार, म्हणजे पायी पार होण्याजोगी उथळ जागा, शोधी आणि तिथं काठी रोवी. त्या काठीवर दोन्ही काठांचा विश्वास. दौलू वारला, तेव्हा त्याची शेवटची काठी लोकांनी तशीच ठेवली. तिला लाल फडकं बांधलं, नारळ फोडले. पुढं ज्याला जिथं उथळ लागलं, तिथं त्यानं आपली काठी रोवली. वडीलधाऱ्यांची काठी उपटणं पाप, म्हणून जुनी कुणी काढीना. चार वर्षांत चाळीस काठ्या झाल्या, असे सांगतात. नदी मात्र दर पुरात वाट बदलत होती.

चौथ्या वर्षी दौलूची लेक बाळंतपणात अडली. पलीकडून गोदू सुईण निघाली. तिनं लाल फडकं ओळखलं, त्या रोखानं चालली आणि थेट डोहात गेली. दौलूच्या बायकोनं, बयजानं, उडी टाकून तिला केसांना धरून बाहेर ओढलं.

बाळ सुखरूप झालं. हात धुताना सुईण म्हणाली म्हणे, "बयजाबाई, चाळीस काठ्या गं, आणि उतार एकही नाही. पुढच्या खेपेला थोड्या कमी रोवा."

सकाळी बयजानं पहिला हात नवऱ्याच्या काठीलाच घातला. लोक धावले. "कारभाऱ्याची काठी उपटतेस? हात झडतील."

"तो दर साली स्वतःच उपटायचा," बयजा म्हणाली. "नारळ तुम्ही फोडलेत."

मग तिनं सगळ्याच उपटल्या. दौलूच्या काठीनं तळ चाचपत गेली, तीस पावलं खाली उतार सापडला. तिथं एकच नवी काठी रोवली. कुणाची ते कळू नये म्हणून साल सोलून. दौलूची काठी घरी नेऊन वाळवली आणि नातवाच्या अंघोळीच्या पाण्याखाली चुलीत घातली. ती विझेपर्यंत बयजा चुलीपुढून उठली नाही, असे सांगतात.

आजही पूर ओसरल्यावर जो पहिला पार होतो, तो जुन्या काठीनं तळ चाचपतो आणि नवी रोवतो. जुनी, गावात ज्या घरी शेवटचं मूल जन्मलं, तिथल्या न्हाणीच्या चुलीत जाते. यंदाची कुणी रोवली, असं पाहुण्यांनी विचारलं, की तुळसाजी म्हणतात, "पाणी गुडघ्याएवढंच लागलं ना? मग झालं."